शिक्षिका 'अ'

शिक्षिका 'अ' म्हणजे मी, हे कळायला मला पुरतं एक वाक्यही लागलं नाही. आणि त्यापुढच्याच वाक्यात ती मी राहिले नाही. टाउनशिपच्या क्लबचा हॉल, शनिवार सकाळचे अकरा, कारखान्याच्या दोन बसमधून आणून बसवलेल्या आम्ही साठ-पासष्ट मास्तरणी आणि मास्तर, डोक्यावर सहा पंखे आणि त्यातले दोन बंद. समोर स्टेजवर सुचेता हर्डीकर उभी होती. पुण्याहून आलेली, वर्षभर आमच्या शाळांमधून वही घेऊन फिरलेली, आणि आता आपल्या संशोधनाचे निष्कर्ष आम्हालाच वाचून दाखवणारी. शिक्षक खरोखर कशातून शिकतात, हा तिचा विषय. हिंदी वाचत होती, पण प्रत्येक शब्द असा सुटा सुटा करून की ऐकताना माझे दात आंबत होते. शिक्षिका 'अ' हिनं सांगितलं, ती वाचत होती, की अपूर्णांकांच्या भागाकारात दुसरी संख्या उलटी का करायची, हे बावीस वर्षं शिकवूनही तिला माहीत नव्हतं. हे मी तिला सांगितलं होतं, माझ्या स्वयंपाकघरात, भाकरी थापता थापता. मी पदर सावरला, मान खाली घातली, आणि तेवढ्यात पुढचं वाक्य आलं. शिक्षिका 'अ' मुख्यतः विज्ञान शिकवते, सातवीचं गणितही तिच्याकडे असतं, ती मूळची सागर जिल्ह्यातली. तिला हे समजावलं शिक्षिका 'ब'नं, जी महाराष्ट्रातून आलेली आहे. सागरची लीलावती दुबे, माझ्याच शाळेतली, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली होती.

मला हर्डीकरबाईंचा राग पहिल्या दिवसापासून होता, तो मधेच काही महिने निवला, एवढंच. संशोधन करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. आणि प्रशिक्षणं तर इतकी, की त्यांच्या प्रमाणपत्रांनी कपाटाचा एक खण भरलाय. उन्हाळ्यात एकवीस एकवीस दिवस बोलवायचं. सकाळी प्रार्थना, मग कुणीतरी साहेब, ज्यानं आयुष्यात कधी चाळीस पोरांसमोर अर्धा तास उभं राहून दाखवलेलं नाही, तो फळ्यावर 'उद्दिष्टं' लिहिणार आणि आम्ही ती उतरवून घेणार. दुपारी गट पाडायचे. गटांनी कार्डबोर्डचं घड्याळ करायचं. एका वर्षी मी सलग तिसरं कार्डबोर्डचं घड्याळ केलं तेव्हा विचारलं, की साहेब, माझी पोरं वेळ सांगतात, त्यांना दशांश येत नाहीत, त्याचं काही करता का? साहेब म्हणाले, बहनजी, वह अगले सत्र में है. ते पुढचं सत्र अजून यायचंय. त्यामुळे ही बाई जेव्हा मागच्या बाकावर येऊन बसली आणि तासभर काहीतरी लिहीत राहिली, तेव्हा मी खडू जरा जास्तच जोरात फळ्यावर आपटला होता. बाहेर पडताना ती म्हणाली, "पांढरीपांडेबाई, तुमचा वर्ग फार छान चालतो हो." बावीस वर्षांत या गावात मला कुणी माझ्या पुऱ्या आडनावानं हाक मारली नव्हती. इथं मी पांडे मैडम. छप्पन साली राजधानी हलली तेव्हा सासरे नागपूरहून सरकारी दफ्तराबरोबर इकडे आले, शिवाजी नगरच्या क्वार्टरात त्यांची ट्रंक उतरली, तेव्हाच शेजाऱ्यांनी आडनाव अर्धं छाटून टाकलं, आणि घरातलं कुणी काही बोललं नाही. माझी मुलंसुद्धा आता "आई, वो जरा पकड न" असं म्हणतात. या बाईचं ते स्वच्छ, इस्त्री केल्यासारखं मराठी कानावर पडलं आणि मी विरघळले. दुसरं काही कारण नाही. माणूस केवढ्याशा गोष्टीला विकला जातो.

ती अरेरा कॉलनीत खोली घेऊन एकटी राहायची. गुरुवारी आमच्याकडे जेवायला यायला लागली. मधुकर, माझा नवरा, ड्रॉइंग ऑफिसमधून आला की तिच्याशी पुण्याच्या गोष्टी करायचा, जणू हा तिथेच जन्मला. आणि एका गुरुवारी तिनं विचारलं, "बाई, तुमच्या अख्ख्या नोकरीत सगळ्यात जास्त तुम्ही कशातून शिकलात? कुठल्या प्रशिक्षणातून?" मी हसले. म्हटलं, प्रशिक्षणातून? मी लीलावतीच्या पराठ्यांतून शिकले. आणि सांगितलं सगळं. कुणी मागितलं नव्हतं एवढं सांगितलं. तिनं वही काढली तेव्हा मी जरा थबकले, तर म्हणाली, "काळजी करू नका, नाव कुठंही येणार नाही. हा आमचा नियमच आहे."

काय सांगितलं होतं मी? हेच, की चार वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये स्टाफरूमचा पंखा बिघडला आणि माझ्या वर्गातला चालू होता, म्हणून लीलावती वह्या तपासायला माझ्या वर्गात मागे येऊन बसली. गुरुवारचा तिसरा तास तिचा मोकळा. मला आवडलं नव्हतं. आपला तास दुसऱ्या बाईनं ऐकणं म्हणजे आपण अंघोळ करताना कुणी दार उघडण्यासारखंच. तास संपल्यावर तिनं मला व्हरांड्यात थांबवलं आणि म्हणाली, "वैजयंती, तू सवाल पूछती है और जवाब भी खुद दे देती है. गिना मैंने. ग्यारह बार." मी इतकी भडकले की पुढच्या दिवशी सूड म्हणून तिच्या पाचव्या तासाला जाऊन बसले, आणि तिच्या चुका मोजल्या. सोळा झाल्या. त्या सोळा मी तिला ऐकवल्यावर ती पोट धरून हसली आणि म्हणाली, अब से एक. एकच सांगायचं, आणि तिसऱ्या कुणाला नाही. बस, तेव्हापासून गुरुवार आमचा झाला. कुणी सांगितलं नव्हतं, कुठं नोंद नव्हती, प्राचार्यांना वाटायचं आम्ही वह्या तपासतो. चार वर्षांत मी शिकवायला शिकले असेन तर त्या मागच्या बाकामुळे. आणि त्यातल्याच एका गुरुवारी मी भागाकार शिकवत होते. उलटा करो और गुणा करो, फळ्यावर बाण काढला, पोरांनी घोकलं. लीलावतीनं व्हरांड्यात विचारलं, "उलटते क्यों हैं?" टोमणा नव्हता. तिच्याकडे सातवीचं गणित नुकतंच आलं होतं, आणि ती सरळ विचारत होती. मी म्हटलं, नियम आहे. ती म्हणाली, किसका? बावीस वर्षं. किती वर्ग झाले, किती पोरं, त्यांच्यातली कितीतरी आता याच कारखान्यात इंजिनियर आहेत. आणि एका पोरीनं हेच विचारलं होतं, फार वर्षांपूर्वी, आणि मी तिला उभं केलं होतं तासभर.

लीलावतीनं डबा उघडला. तीन पराठे होते. म्हणाली, हर बच्चे को आधा दूँ तो कितने बच्चे खाएँगे? सहा. तीन भागिले अर्धा, सहा. ठीक, हे मला येत होतं. मग म्हणाली, हर बच्चे को पौन दूँ तो? आणि तिनं बोटांनी तिन्ही पराठ्यांचे चार चार तुकडे केले. बारा झाले. तीन तीन तुकडे एकेका पोराला. चार पोरं. "देख, पहले चार से गुणा किया, फिर तीन से भाग दिया. उलटा हो गया न?" तिला स्वतःलाही ते त्याच क्षणी दिसलं असावं, कारण तीही बघतच राहिली. त्या तेलकट तुकड्यांकडे बघताना मला जे झालं, ते आनंदाशिवाय दुसऱ्या कुठल्या शब्दानं सांगता येत नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी. आम्ही दोघींनी ते बारा तुकडे लोणच्याबरोबर खाऊन टाकले, आणि चौथ्या तासाला मी दहा मिनिटं उशिरा पोचले.

तेच आता स्टेजवरून वाचलं जात होतं, पण उलटं. पराठे माझे झाले होते आणि अज्ञान तिचं. ओळख पटू नये म्हणून त्या शहाण्या बाईनं आमची अदलाबदल केली होती. साठ माणसांच्या ज्या बिरादरीत कुणाच्या घरी कुठली डाळ शिजली हेही दुपारपर्यंत कळतं, तिथं तिनं 'अ' आणि 'ब' अशी दोन अक्षरं लावून आम्हाला लपवलं होतं! एकमेकींच्या वर्गात बसणाऱ्या बायका अख्ख्या टाउनशिपमध्ये दोनच. त्यातली सागरची एक. हे तिच्या डोक्यात आलं नाही. पुस्तकात लिहिलं असेल, की माहिती देणाऱ्याचे तपशील बदलावेत. बदलले. लीलावतीच्या मागे कुणीतरी पुटपुटलं, दुबे मैडम. एकेक करून माना वळल्या. लीलावतीनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. तिच्या नजरेत राग नव्हता, ती वाट बघत होती, जशी वर्गात उत्तर येणाऱ्या पोराची बघतात. मग तिनं चष्मा काढून त्याच्या डबीत ठेवला आणि पर्स मांडीवर घेतली.

निगमसाहेब उठले. टाउनशिपचे शिक्षा अधिकारी, म्हणजे शिक्षणाधिकारी. त्याआधी कारखान्यात तयार मालाची तपासणी करायचे, पास आणि नापास. शाळांकडे आले तरी त्यांची ती सवय गेली नव्हती. "मैडम, बहुत अच्छा रिसर्च है. पर ये 'अ' हैं कौन? बाईस साल बिना समझे पढ़ाती रहीं, और हमारे बच्चों को?" सुचेताचा चेहरा उतरला. ती म्हणाली, मुद्दा तो नाही, मुद्दा असा की शिक्षक आपलं न येणं जिथं बिनधोक सांगू शकतो तिथंच तो शिकतो, आणि नाव मी सांगू शकत नाही, नियम आहे. "मत बताइए," साहेब हसले, "पता चल जाएगा." आणि त्यांनीही आमच्याच रांगेकडे पाहिलं. जूनमध्ये माध्यमिक विभागाची पर्यवेक्षिका नेमायची होती. जागा एक, नावं दोन, लीलावतीचं आणि माझं. हे साहेबांना माहीत होतं, हॉलला माहीत होतं, आम्हा दोघींना तर होतंच. आम्ही त्यावर थट्टा करायचो, जी होईल तिनं दुसरीला वर्गात पंखा लावून द्यायचा.

उभं राहायला किती वेळ लागतो? मी रोज पन्नास वेळा पोरांना उभं करते. गुडघे सरळ करायचे, झालं. मी मनात वाक्यसुद्धा जुळवलं होतं, साहब, 'अ' मैं हूँ. चार शब्द. पण तेवढ्यात मला वाटलं, मला कुणी विचारलेलं नाही. मग वाटलं, आत्ता बोलले तर लीलावतीला बरं वाटेल पण साहेबांसमोर तमाशा होईल, नंतर एकांतात सांगू. मग वाटलं, सगळा दोष या पुणेकरणीचा आहे, तिनं निस्तरावं. या तिन्ही गोष्टी खोट्या आहेत हे मला त्या वेळीच माहीत होतं, आणि तरी त्या एकामागोमाग येत राहिल्या. मागच्या रांगेतून कुणीतरी माझ्या खांद्याला बोट लावलं. "पांडे मैडम, पराठेवाली बात बढ़िया थी." मी वळले आणि हसले. ओशाळं वगैरे नाही, नीट हसले. लीलावतीनं ते बघितलं. नंतर समोसे आले, चहा आला, ती बसमध्ये माझ्या शेजारी बसली नाही, आणि मला तिचाच राग आला. स्वतः का नाही बोलली? तिला तोंड नव्हतं? ती म्हणू शकली असती, मैं नहीं, यह है. तिनं मला वाचवावं अशी मी काय विनंती केली होती? घरी येईपर्यंत मी तिला मनातल्या मनात इतकी बोलले, की क्वार्टरच्या कुलपाला कपाटाची किल्ली लावली.

रविवारी दुपारी सुचेता आली. मधुकर बैठकीत पेपर वाचत होता. मी तिला स्वयंपाकघरात घेऊन गेले, पण बस म्हटलं नाही. ती बरीच रडलेली दिसत होती, आणि रडून आलेल्या माणसाचा मला तिटकारा आहे.

"बाई, माझं चुकलं," ती म्हणाली. "तुमची ओळख पटू नये एवढ्यासाठीच मी उलटं केलं. मला वाटलं, तुम्हाला त्रास होऊ नये. दुबेबाईंचा विचारच केला नाही मी. आज सकाळी प्राचार्य म्हणाले, की त्यांच्याकडून गणित काढून घेणार आहेत. त्यांना प्राथमिकला पाठवायचं चाललंय."

"मग?"

"मी निगमसाहेबांना पत्र लिहिते. नाव घेत नाही कुणाचं. फक्त एवढंच, की 'अ' म्हणजे दुबेबाई नव्हेत."

"त्या नव्हेत तर उरलं कोण?"

ओट्यावर कणीक मळून ठेवली होती, तिच्यावरचं फडकं मी उगाचच सरळ केलं.

"म्हणूनच विचारायला आले. तुमची परवानगी असेल तरच लिहीन. बाई, तुम्ही मला सांगितलंत तेव्हा किती आनंदानं सांगितलं होतंत! लाजण्यासारखं काही नाहीच त्यात. माझ्या अख्ख्या कामात तेवढी एकच गोष्ट खरी आहे."

ती बरोबर बोलत होती. प्रशिक्षणांबद्दल, कार्डबोर्डच्या घड्याळांबद्दल, आम्हा दोघींच्या गुरुवारांबद्दल तिनं जे लिहिलं होतं, ते सगळं बरोबर होतं. आणि म्हणूनच मला तिच्या तोंडात मारावंसं वाटलं. मी म्हटलं, "तुमचा नियम आहे ना, माहिती देणाऱ्याचं नाव फोडायचं नाही? मी त्या भरवशावर बोलले. आता तो पाळा."

"पण दुबेबाई..."

"पाळा म्हटलं ना."

बाहेर पेपर दुमडल्याचा आवाज झाला. वर्षभर सुचेता आम्हाला बघत होती, पण त्या दिवशी पहिल्यांदा तिनं मला पाहिलं असावं. चहा घेणार का, असं मी विचारलं. ती नको म्हणाली आणि गेली. मधुकर संध्याकाळपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलला नाही. जेवताना मात्र त्यानं आमटी मागून घेतली, आणि मला उगीचच हायसं वाटलं.

सोमवारी दोन कागद निघाले. पहिला परिपत्रक. संशोधनाच्या शिफारशीनुसार यापुढे प्रत्येक शिक्षकानं आठवड्यातून एकदा दुसऱ्याच्या तासाला बसणं बंधनकारक, सोबतचा फॉर्म तीन प्रतींत भरावा, एक प्रत शिक्षा अधिकाऱ्यांकडे. स्टाफरूममध्ये फॉर्मचा गठ्ठा पडला होता आणि लोक त्यावर पेन टेकवून कुणाला अडकवायचं याचा हिशेब करत होते. दुसरा कागद श्रीमती लीलावती दुबे यांची तिसरी आणि चौथीकडे बदली, आणि त्यांचा सातवी 'ब'चा गणिताचा वर्ग श्रीमती पांडे यांच्याकडे. त्यातही आडनाव अर्धंच.

वर्ग सोपवायची आमच्याकडे एक पद्धत आहे. जुन्या बाईनं नव्या बाईला हजेरीपट द्यायचा, कुठवर शिकवलं ते सांगायचं, दोघींनी सही करायची. दोन मिनिटांचं काम. बुधवारी दुसऱ्या तासाआधी मी वर्गाबाहेर पोचले, तेव्हा लीलावती दारातच उभी होती. तिनं हजेरीपट उघडला. मला वाटलं, सही घेईल आणि जाईल. पण ती सांगायला लागली. नऊ नंबर बघून लिहितो, पण तोंडी विचारलं तर बरोबर सांगतो, त्याला तोंडी विचार. सतरा नंबरची पोरगी फळ्याजवळ बसव, तिला दिसत नाही आणि ती कबूल करत नाही. सरोज नावाची मुलगी येत असूनही हात वर करत नाही, कारण तिचा भाऊ याच वर्गात आहे आणि त्याला येत नाही. ज्यांचे वडील शिफ्टला आहेत ती सहा पोरं, रात्रपाळीच्या आठवड्यात घरी आवाज करायची बंदी असते म्हणून पाढे म्हणत नाहीत, त्यांना इथं मोठ्यानं म्हणू दे. गुणोत्तर अर्धं झालंय. घाई करू नकोस. एकेका नंबरावर बोट ठेवून ती बोलत होती, एकेचाळीस पोरं, आणि मी हूँ हूँ करत होते. एकवीस दिवसांच्या कुठल्याही शिबिरात मला कुणी एवढं दिलं नव्हतं. तिच्या आवाजात काहीही नव्हतं, ना राग, ना रडू. ते असतं तर मी भांडले असते. मला भांडायचंच होतं. मी म्हटलं, "लीलावती, सुन..." तिनं पेन पुढे केलं. मी सही केली. तिनं सही केली, तारीख घातली.

"बस इतना ही," ती म्हणाली. मग पर्स खांद्याला लावून, बसची वेळ सांगावी तशा आवाजात म्हणाली, "और आगे कुछ समझ में न आए, तो मुझसे मत पूछना."

ती प्राथमिकच्या इमारतीकडे चालत गेली. मी वर्गात शिरले. एकेचाळीस पोरं उभी राहिली, बसली. पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, दुबे मैडम नहीं आएँगी? क्यों?

मी म्हटलं, किताब निकालो.